नामदार गोखले आणि आमचा व्हेंच्युरीमीटर

मासिकासाठी काहीतरी लिहा सर, असं संपादक मंडळातली मुलं दरवर्षी म्हणतात आणि दरवर्षी मी पेपर तपासणीचं कारण सांगून सुटतो. यंदा सुटलो नाही. खरं सांगायचं तर यंदा सुटायचंच नव्हतं. एक गोष्ट मनात अडकून बसली आहे, ती सांगून टाकतो.

सेमिस्टर सुरू होताना आम्हा शिक्षकांना कोर्स फाईल भरावी लागते. त्यात यंदा एक नवीन रकाना आला: आपल्या विषयातून विद्यार्थ्यांमध्ये कोणती मूल्ये रुजवणार व कशी? आमचा विषय फ्लुइड मेकॅनिक्स. पाण्याच्या दाबातून मूल्यं कशी काढायची? स्टाफरूममध्ये बरीच चेष्टा झाली. मूल्यांसाठी युनिव्हर्सल ह्यूमन व्हॅल्यूजचा वेगळा तास असताना आमच्या मागे हे कशाला, असंही कोणी म्हणालं. शेवटच्या दिवशी मी शेजारच्या टेबलावरची एक फाईल घेतली. त्यात प्रामाणिकपणा, वक्तशीरपणा, सांघिक भावना असं छान लिहिलेलं होतं. ते जसंच्या तसं माझ्या फाईलमध्ये उतरवलं आणि सही ठोकली.

त्याच महिन्यात व्हेंच्युरीमीटरची जर्नलं तपासायला आली. तुम्हाला माहीतच आहे, कोइफिशंट ऑफ डिस्चार्ज साधारण ०.९७ च्या आसपास यायला हवा. चारही बॅचच्या सगळ्या जर्नलमध्ये तो ०.९७ किंवा ०.९८ आलेला. सुंदर आलेख, पेन्सिलची बारीक रेघ. पण त्या आठवड्यात मॅनोमीटरच्या नळीत हवा अडकली होती! लॅब असिस्टंटनी मला ते सांगितलंही होतं. म्हणजे त्या सेटअपवर ०.९७ येणं शक्यच नव्हतं. उत्तर आधी, रीडिंग मागाहून. मी वर्गात जाऊन पंधरा मिनिटं तोफ डागली. प्रामाणिकपणा म्हणजे काय यावर बोललो. मुलं खाली मान घालून बसली. आणि बोलता बोलता मला माझी कोर्स फाईल आठवली. प्रामाणिकपणा हा शब्दच मी कॉपी करून लिहिला होता की! पुढचं बोलणं घशातच राहिलं.

त्या संध्याकाळी लायब्ररीत उगाच फिरत होतो. तांत्रिक पुस्तकांच्या मागे मराठीचं एक कपाट आहे, तिथे नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांचं एक जुनं चरित्र सापडलं. शेवटच्या इश्शूचा शिक्का बघवत नव्हता इतका जुना. मला गोखले म्हणजे गांधीजींचे गुरू, मवाळ पुढारी, इतिहासाच्या पेपरातले पाच मार्क, एवढेच ठाऊक. हा माणूस सतरा-अठरा वर्षं नोकरीने मास्तर होता आणि गणित शिकवायचा, हे मला माहीत नव्हतं. मग ते चरित्र आणि पाठोपाठ आणखी दोन वाचून काढली. जे कळलं ते माझ्या भाषेत सांगतो.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक गावचा. घरची गरिबी. वडील कागल संस्थानात नोकरीला होते. गोपाळ तेरा वर्षांचा असताना, १८७९ मध्ये ते वारले. थोरला भाऊ गोविंद स्वतः शिकत होता, त्याने शिक्षण सोडलं आणि कागललाच पंधरा रुपये महिन्याची नोकरी धरली. त्यातले आठ रुपये तो कोल्हापूरला शिकणाऱ्या धाकट्याला पाठवायचा. उरलेल्या सातात बाकीचं घर! आपल्या हॉस्टेलवर असे किती गोविंदराव आहेत याची मला कल्पना आहे. कुणाचा भाऊ रिक्षा चालवतो, कुणाची ताई शिवणकाम करून मेसचं बिल भरते. गोपाळने ते आठ रुपये काटकसरीने वापरले. आपल्या शिक्षणाची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली आहे ही जाणीव त्याला आयुष्यभर राहिली असं त्याच्या पुढच्या वागण्यावरून वाटतं.

त्याच्या शाळकरी वयाची एक गोष्ट सगळे चरित्रकार सांगतात. मास्तरांनी घरी करायला एक अवघड गणित दिलं होतं. फक्त गोपाळचं बरोबर आलं. मास्तरांनी शाबासकी देऊन त्याला वर बसवलं, तर हा रडायला लागला. ते गणित त्याने दुसऱ्याच्या मदतीने सोडवलं होतं आणि ती शाबासकी त्याला सहन होईना. गोष्ट घासून गुळगुळीत झालेली आहे, मान्य. पण यातली एक बारीक गोष्ट मला आधी कधी दिसली नव्हती. मदत घेतल्याबद्दल तो रडला नाही. मदत लपली, म्हणून रडला. मदत घेणं आणि मदत लपवणं यातला फरक आपण मुलांना कधी शिकवतो का? आमच्याकडे तर दोन्हीला एकच नाव: कॉपी.

पुढे कोल्हापूर, थोडे दिवस पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि मग मुंबईचं एल्फिन्स्टन, असं करत १८८४ मध्ये अठराव्या वर्षी ते बी.ए. झाले. गणितात गती चांगली. आता पुढे काय? आय.सी.एस., वकिली असे विचार डोक्यात होते आणि (हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो) इंजिनिअरिंगचाही होता. म्हणजे थोडक्यात हुकलं, नाहीतर गोखले आपल्या लायनीत आले असते! पण ते पुण्याला गेले आणि १८८५ च्या सुरुवातीला न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. पगार पस्तीस रुपये. चिपळूणकर, टिळक, आगरकर यांनी उभी केलेली ती शाळा. आदल्याच वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली होती आणि त्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं. लवकरच गोखले सोसायटीचे आजीव सभासद झाले. आजीव सभासद म्हणजे वीस वर्षं संस्थेला द्यायची आणि महिन्याला पंचाहत्तर रुपयांवर समाधान मानायचं. बाहेर याच पदव्यांना कितीतरी जास्त पगार मिळत असताना.

शिक्षक म्हणून ते कसे होते? पहिल्या दिवसापासून फर्डे वगैरे अजिबात नव्हते. पण तयारी दांडगी. इंग्रजी शिकवायचं तर पुस्तकच्या पुस्तक पाठ करून वर्गात जायचे. गणिताचा मास्तर कमी पडला की गणित, इंग्रजीचा कमी पडला की इंग्रजी, पुढे इतिहास आणि अर्थशास्त्र. मागाल तो विषय शिकवणारा प्राध्यापक अशी त्यांची थट्टा व्हायची. आपल्याकडे ऐनवेळी भलताच विषय गळ्यात पडल्यावर आम्ही कसे वागतो ते इथे लिहीत नाही, प्राचार्यही हे मासिक वाचतात! त्यांनी शाळेसाठी लिहिलेलं अंकगणिताचं पुस्तक मात्र खूप गाजलं आणि अनेक वर्षं शाळाशाळांतून चाललं.

गोखल्यांना खरं शिक्षण मिळालं ते मात्र नोकरी लागल्यानंतर. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे त्यांना गुरू म्हणून भेटले आणि १९०१ मध्ये रानडे जाईपर्यंत, म्हणजे जवळजवळ चौदा वर्षं, गोखले त्यांच्या हाताखाली राबले. कॉलेजचं शिकवून झालं की रानड्यांकडे जायचं. सरकारी अहवाल, निळी पुस्तकं, जमाखर्चाचे तक्ते वाचायचे, आकडे काढायचे, सार्वजनिक सभेच्या वतीने सरकारला अर्ज आणि निवेदनं तयार करायची. रानडे एकेक आकडा पारखून घ्यायचे. मसुदा पसंत नसेल तर परत करायचे.

एवढं करून सरकारचं उत्तर काय यायचं? दोन ओळींची पोच. तरुण गोखल्यांना वैताग यायचा. एकदा त्यांनी रानड्यांना विचारलंच, की जे कुणी वाचत नाही त्यावर एवढी मेहनत कशाला? रानड्यांनी समजावलं ते असं, की या अर्जांवर पत्ता सरकारचा असला तरी ते खरे आपल्याच लोकांसाठी आहेत. कुठल्याही प्रश्नाचा विचार कसा करायचा हे आपल्या लोकांना यातून शिकायचं आहे. या देशात हे राजकारण नवीन आहे, तेव्हा बरीच वर्षं फळाची अपेक्षा न करता हे करत राहावं लागेल.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. कारण हाच प्रश्न तुम्ही मला दरवर्षी विचारता. सर, जर्नल कुणी वाचतं का? एक्स्टर्नल नुसती पानं उलटतात. मग खरी रीडिंग घेऊन काय करायचं? याचं उत्तर मी आजपर्यंत टर्मवर्कचे मार्क असं देत होतो. रानड्यांचं उत्तर मला सुचलं नव्हतं, की जर्नलवर पत्ता जरी विद्यापीठाचा असला तरी ते तुझ्यासाठी आहे बाबा.

गोखल्यांची नुसती आरती करायची नाही, म्हणून अडचणीच्या दोन गोष्टीही सांगतो.

एक म्हणजे टिळकांशी झालेला वाद. टिळकांचं म्हणणं होतं की आजीव सभासदाने सगळा वेळ संस्थेलाच द्यावा, बाहेरची कामं आणि बाहेरची कमाई नको. गोखले १८९० मध्ये सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले आणि वाद टोकाला गेला. कारणं आणखीही होती, पण त्या वर्षाअखेर टिळकांनी संस्था सोडली. मला विचाराल तर टिळकांचा मुद्दा अगदीच चूक म्हणता येत नाही. क्लासेस आणि कन्सल्टन्सीच्या आजच्या काळात तर तो जास्तच बोचतो. टिळक गेल्यावर गणिताची बाजू लंगडी पडली. तेव्हा गोखल्यांनी एल्फिन्स्टनमधल्या आपल्या एका सहाध्यायाला बोलावून घेतलं. १८९१ मध्ये गणित शिकवायला आलेला तो माणूस म्हणजे धोंडो केशव कर्वे. पुढे स्त्रीशिक्षणात त्यांनी काय केलं हे सांगायला नकोच.

दुसरी गोष्ट घरातली. पहिल्या पत्नीला कोडाचा विकार होता आणि घरच्यांच्या आग्रहाने गोखल्यांनी १८८७ मध्ये, ती हयात असताना, दुसरं लग्न केलं. ते आगरकरांच्या 'सुधारक'ची इंग्रजी बाजू लिहीत होते, समाजसुधारणेच्या बाजूचे होते. साहजिकच विरोधकांना हे आयतं सापडलं आणि तो टोमणा त्यांना जन्मभर ऐकावा लागला. चारित्र्य म्हणजे एकही डाग नसणं असं धरलं तर गोखले इथेच नापास होतात. आणि मग आपण सगळेच नापास.

आता १८९७. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात कठीण वर्ष. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला गोखले इंग्लंडला गेले. वय तीस. उलटतपासणीत भलेभले डगमगतात, पण रानड्यांकडे घासूनपुसून घेतलेले आकडे कामी आले आणि साक्ष उत्तम झाली. इकडे पुण्यात प्लेगने थैमान घातलं होतं. प्लेग कमिटीचा रँड, घराघरांत घुसणारे गोरे सोल्जर, लोकांचा संताप. पुण्याच्या मित्रांची पत्रं गोखल्यांना येत होती. त्यात सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केल्याचं आणि त्यातल्या एकीने जीव दिल्याचं लिहिलं होतं. गोखल्यांनी विश्वास ठेवला आणि ही गोष्ट तिथल्या वर्तमानपत्रात जाहीर केली. पार्लमेंटपर्यंत गडबड उडाली. मुंबई सरकारने इन्कार केला. दरम्यान २२ जूनच्या रात्री पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, जुलैच्या अखेरीस टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. वातावरण पेटलेलं.

अशा वेळी गोखले बोटीने मुंबईला परतले. पुरावा द्या, असं सरकारचं म्हणणं. गोखल्यांनी चौकशी केली. पत्रं लिहिणारे मित्र पुरावा देऊ शकले नाहीत. त्यांची नावं सांगून मोकळं होता आलं असतं, पण गोखल्यांनी एकाचंही नाव सांगितलं नाही. शहानिशा न करता बोललो ही चूक माझी, असं म्हणून ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांनी गव्हर्नर, प्लेग कमिटी आणि सोल्जर यांची जाहीर, बिनशर्त माफी मागितली.

आपल्याच लोकांत काय झालं असेल याची कल्पना करा. भित्रा, सरकारचा बगलबच्चा, सगळं ऐकून घ्यावं लागलं. प्लेगच्या बंदोबस्तात लोकांवर जुलूम झालेच होते, त्यामुळे अशी संपूर्ण माफी मागायला नको होती असं पुष्कळांना वाटलं आणि आजही वाटतं. त्या डिसेंबरात अमरावतीच्या काँग्रेसमध्ये गोखल्यांनी बोलण्यालासुद्धा विरोध झाला. रानड्यांच्या तालमीत एकेक आकडा तपासणाऱ्या या माणसाने आयुष्यात एकदाच न तपासता रीडिंग घेतलं, आणि ते नेमकं सगळ्या जगासमोर. पण माफीनंतर ते तोंड लपवून बसले नाहीत. पुण्यात पुन्हा प्लेग आला तेव्हा स्वयंसेवक म्हणून कामाला लागले.

ही चूक झाकली असती तर पुढचे गोखले झाले असते का? मला वाटतं नसते झाले. १८९९ मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळावर निवडून गेले, १९०२ मध्ये फर्ग्युसनमधून निवृत्त होऊन व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात. तिथलं २६ मार्च १९०२ चं त्यांचं पहिलं अर्थसंकल्पाचं भाषण आपल्यासारख्यांनी अभ्यासावं असं आहे. वर्षानुवर्षं शिल्लक दिसतेय म्हणून सरकार खूश होतं. गोखल्यांनी सरकारचेच आकडे घेतले आणि दाखवलं की ही शिल्लक भरभराटीची नाही. रुपयाचा भाव पडलेला असताना कर वाढवले, पुढे भाव सुधारला तरी ते तसेच ठेवले, म्हणून तिजोरी फुगली. लोक दुष्काळाने मरत होते ते वेगळंच. थोडक्यात रीडिंग बरोबर, निष्कर्ष चूक! मिठावरच्या करावर ते दरवर्षी बोलत राहिले. मणाला अडीच रुपये असलेला तो कर १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. एकट्या गोखल्यांमुळे आला असं नव्हे, पण त्यांच्या आकड्यांना उत्तर देणं सरकारला जड जायचं, हे नक्की.

प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करायचं विधेयक त्यांनी १९११ मध्ये मांडलं. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. शिक्षण हा मुलांचा हक्क झाला आणि तो कायदा अमलात आला तो १ एप्रिल २०१० ला. शंभर वर्षं! फळाची अपेक्षा न करता करत राहा, हा रानड्यांचा धडा शिष्याने शेवटपर्यंत गिरवला.

आता माझ्या कोर्स फाईलच्या रकान्याकडे येतो. १२ जून १९०५ ला गोखल्यांनी पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजच्या जवळच, भारत सेवक समाज स्थापन केला. देशसेवेला माणसं तयार करायची ही संस्था. सभासदाला सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत. स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती घालवणार नाही, कुणाशी वैयक्तिक भांडण करणार नाही, सगळ्या भारतीयांना जात-धर्म न बघता भाऊ मानीन, अशा. पण गोखल्यांना ठाऊक होतं की नुसत्या प्रतिज्ञेने माणूस घडत नाही. म्हणून पाच वर्षांची उमेदवारी. त्यात भाषणांपेक्षा अभ्यास जास्त. ग्रंथालयात बसा, अहवाल वाचा, आकडे काढा, देशभर हिंडून डोळ्यांनी बघा. न तपासता बोलण्याची किंमत संस्थापकाने स्वतः मोजलेली होती. श्रीनिवास शास्त्री, ना. म. जोशी, ठक्करबाप्पा, हृदयनाथ कुंझरू ही माणसं या समाजातली. आफ्रिकेतून परतलेल्या गांधीजींनाही गोखल्यांनी तेच सांगितलं होतं: एक वर्ष देश बघा, जाहीर बोलू नका.

मधुमेहाने आणि अतिश्रमाने शरीर पोखरलं होतं. १९ फेब्रुवारी १९१५ ला, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षात, गोखले गेले. ज्यांच्याशी जन्मभर वाद झाला ते टिळक स्मशानात आले आणि त्यांनी तिथे गोखल्यांची थोरवी सांगितली. याहून मोठं प्रमाणपत्र कुठलं असणार?

असो. चरित्र परत केलं आणि मी विचार करत राहिलो. गोखल्यांनी चारित्र्य हा विषय वेगळा असा कुठे शिकवला? मला तरी दिसला नाही. गणिताची तयारी, आकड्याची शहानिशा, कुणाची मदत झाली ते सांगणं, चुकलं तर ज्यांच्यासमोर चुकलं त्यांच्यासमोर कबूल करणं. सगळं रोजच्या कामातच होतं. मग ते फ्लुइड मेकॅनिक्समध्ये का असू नये? उलट लॅबइतकी चांगली जागा नाही. पण अडचण अशी, की बरोबर उत्तराला दहा मार्क आणि खऱ्या उत्तराला चार असं माझंच गणित होतं. तीन वर्षं ०.९७ वर सह्या मी केल्या होत्या. खोटं बोलायला मुलांना मीच शिकवत होतो, आणि वर रागावतही होतो.

पुढच्या प्रॅक्टिकलला मी वर्गासमोर उभा राहिलो आणि कोर्स फाईलची गोष्ट सांगितली. कॉपी केली, असं स्पष्ट सांगितलं. गोखल्यांची माफी कुठे आणि माझी कुठे, पण पाय लटपटले हे खरं. मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. हसू द्या. मग दोन गोष्टी ठरवल्या. एक, जर्नलच्या शेवटी एक ओळ लिहायची: या प्रयोगात कुणाची आणि काय मदत घेतली. त्याचे मार्क कापले जाणार नाहीत. दोन, उत्तर पुस्तकातल्यासारखं आलं नाही तर का आलं नाही याचं कारण शोधायचं, आणि निम्मे मार्क त्या कारणाला. नळीत हवा अडकली असेल तर तसं लिहा.

सगळं बदललं असं सांगितलं तर ते आणखी एक ०.९७ होईल. अजूनही अर्धी जर्नलं संशयास्पद सुंदर असतात. मदतीच्या ओळीत काही जण कुणाचीही नाही असं बिनधास्त लिहितात. पण परवा एक जर्नल आलं. उत्तर ०.८१. खाली मोडक्यातोडक्या अक्षरात लिहिलं होतं, की गळती सापडली नाही, दोनदा रीडिंग घेतली, आलेख रूममेटने काढून दिला. मी त्याला दहापैकी नऊ दिले. एक मार्क आलेखाचा कापावा की नाही यावर मी बराच वेळ पेन हातात धरून बसलो होतो. कापणार नाही असा शब्द दिला होता ना! म्हणून मग नवाचे दहा केले आणि शेजारी सही केली.

आणि हो, कोर्स फाईलमधला तो रकानाही खोडून पुन्हा लिहिला आहे. तीनच ओळी आहेत, पण माझ्या आहेत. ज्या सहकाऱ्यांना हव्या असतील त्यांनी खुशाल घ्याव्यात. फक्त खाली कुठून घेतल्या ते लिहावं.